उन्हातली मुले

आम्ही अकोला जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान आणि गणित शिकवतो. पाचवी ते आठवीचे वर्ग आमच्याकडे असतात. अकोल्याचे ऊन महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. २०२० च्या मे महिन्यात येथे पारा ४७.४ अंशांवर गेला, तेव्हा मुंबईच्या खालाजानचा फोन आला, "जिंदा हो ना सब?" आम्ही जिवंत होतो. टाळेबंदी होती, मुले घरात होती आणि शाळेचे मैदान रिकामे होते. इतर वर्षी असे नसते. होळी झाली की सकाळची शाळा सुरू होते आणि परीक्षा संपेपर्यंत आमची मुले रोज उन्हातून येतात, उन्हातून जातात.

आमच्या घरांत उन्हाची भीती नाही असे कोणी म्हणू नये. भीती आहे, पण ती दोन प्रकारची आहे. मुलगा बाहेर निघाला की अम्मी म्हणते, "लू लग जाएगी", आणि त्याच्या खिशात कांदा घालते. मुलगी बाहेर निघाली की तीच अम्मी म्हणते, "काली पड जाएगी", आणि दार लावून घेते. म्हणजे मुलाच्या जिवाची काळजी आणि मुलीच्या रंगाची. दोघांच्या कातडीची काळजी मात्र कोणी करत नाही. कातडी हा शरीराचा एक अवयव आहे, तोही दुखतो, भाजतो, आजारी पडतो, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात असते. ती घरापर्यंत पोहोचत नाही.

रंगाबद्दल आम्ही थोडे अधिकाराने बोलू शकतो, कारण आमचा स्वतःचा रंग सावळा आहे. नानी आम्हाला दर जुम्म्याला बेसन, हळद आणि दुधाची साय लावत असे. साय चेहऱ्याला लागायची आणि आमची धाकटी बहीण ती बोटाने काढून खायची. पुढे पाहायला येणाऱ्या बायका आम्हाला मुद्दाम खिडकीजवळ बसवत, कारण ट्यूबलाइटमध्ये खरा रंग कळत नाही. मग ठरलेले वाक्य यायचे, "रंग जरा दबता हुआ है, मगर नाक-नक्शा अच्छा है." या 'मगर'वर आमची निम्मी तरुणपणाची वर्षे गेली. आमच्या शौहरांनी रंगाबद्दल काही विचारले नाही. पगार किती ते विचारले. आम्हाला ते बरे वाटले.

हे सांगण्याचे कारण असे, की गोऱ्या रंगाला आपल्या समाजात जी किंमत आहे ती आम्ही चुकती करून बसलो आहोत. त्यामुळे २०२२ च्या जूनमध्ये आमच्या पाचवीच्या वर्गात एक मुलगा आला, तेव्हा इतर आयांचे जे झाले ते आमचे झाले नाही. मुलगा कमालीचा गोरा होता. केस वाळल्या गवतासारखे, भुवया जवळजवळ दिसतच नव्हत्या. प्रवेशाच्या दिवशी व्हरांड्यात उभ्या असलेल्या बायका एकमेकींना म्हणत होत्या, "माशाअल्लाह, कितना गोरा बच्चा है!" एकीने तर त्याच्या अम्मीला विचारले की गरोदरपणात केसर घेतले होते का. अम्मीने मान खाली घातली. तिला माहीत होते.

उर्दूत अशा मुलाला सूरजमुखी म्हणतात. केवढा उफराटा शब्द आहे हा! कोवळे सूर्यफूल दिवसभर सूर्याकडे तोंड करून असते आणि या मुलाला सूर्याकडे पाहणेच शक्य नव्हते. उजेडात आला की डोळे मिटायचा. फळ्याकडे पाहताना त्याची बुबुळे सारखी थरथरत. फळ्यावरचे वाचायला तो जागेवरून उठून पुढे यायचा. वर्गातल्या मुलांनी त्याचे नाव आठवड्यात 'अंग्रेज' ठेवले. याला वैद्यकाच्या भाषेत अल्बिनिझम म्हणतात. आपल्या कातडीत, केसांत, डोळ्यांत जे रंगद्रव्य असते, मेलॅनिन, ते जन्मतःच या मुलांच्या शरीरात तयार होत नाही किंवा फार थोडे होते. हा संसर्ग नाही, ग्रहणाचा परिणाम नाही, केसराचाही नाही. बहुतेक वेळा आई आणि वडील दोघांकडूनही त्या दोषाचे एकेक जनुक मुलाकडे येते. आईवडील स्वतः सावळे असू शकतात. या मुलाचे होते.

२०२३ च्या जानेवारीत २६ तारखेच्या कवायतीचा सराव सुरू झाला. थंडी होती. मुले स्वेटर मागत होती. सराव अकरा ते एक असा दोन तास मैदानावर चालला. दुसऱ्या दिवशी तो मुलगा आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा त्याचे कान, मान आणि नाक लालबुंद होते आणि उजव्या कानावर पाण्याचे फोड आले होते. कोणी म्हणाले अंडे खाल्ले असेल, कोणी म्हणाले गुळाची गर्मी आहे. ऊन म्हणायला कोणी तयार नव्हते, कारण ऊन लागायला गरम व्हावे लागते असे आपण सगळे धरून चालतो.

येथे विज्ञानाची शिक्षिका म्हणून दोन शब्द सांगणे भाग आहे. कातडी भाजते ती उष्णतेने नव्हे, सूर्याच्या अतिनील किरणांनी. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंगाला गरमही लागत नाहीत. हवा थंड असली तरी ते येतच असतात. दिवसाची उष्णता दुपारी तीनच्या सुमारास सर्वांत जास्त असते, पण अतिनील किरणांचा जोर सूर्य डोक्यावर असताना, म्हणजे आमच्याकडे साडेबाराच्या आसपास, सर्वांत जास्त असतो. जागतिक आरोग्य संघटनेने या किरणांसाठी एक निर्देशांक ठरवला आहे. तीनपासून पुढे काळजी घ्यावी, आठच्या पुढे फार काळजी घ्यावी आणि अकरा व त्यावर म्हणजे अतितीव्र. आमच्या एप्रिल-मेच्या दुपारी निरभ्र आकाशात तो अकराच्या वर जातो. जानेवारीत तो कमी असतो, पण काळजी घेऊ नये इतका कमी नसतो. मेलॅनिन असलेल्या आमच्यासारख्यांची कातडी हे किरण बऱ्याच अंशी पिऊन टाकते. ऊन लागल्यावर आपण काळवंडतो याचा अर्थ कातडी आतून आणखी छत्री उघडते आहे. नानी ज्याला रंग जाणे म्हणत होती तो कातडीचा पहारा होता. त्या मुलाकडे तो पहारेकरीच नव्हता.

तरी सावळी कातडी भाजतच नाही असे समजू नये. ती भाजते, फक्त लाली दिसत नाही. मूल म्हणते आग होते, चुरचुरते, आणि आपण म्हणतो, नाटक करतोस. दोनतीन दिवसांनी नाकाचे सालपट निघते तेव्हा कळते.

मुलाच्या वडिलांना आम्ही शाळेत बोलावले. त्यांचे बसस्टँडजवळ वेल्डिंगचे दुकान आहे, लोखंडी दारे आणि ग्रिल बनवतात. त्यांना कसे समजवावे याचा आम्ही रात्रभर विचार केला होता. बी.एड.ला ज्ञातापासून अज्ञाताकडे जावे असे शिकवतात, तेवढेच बरोबर घेऊन गेलो. आम्ही म्हणालो, "भाईजान, वेल्डिंगचा जो झोत असतो ना, त्यातून जे किरण निघतात तसेच सूर्यातूनही निघतात." ते एकदम गप्प झाले. मग त्यांनी बाही वर करून मनगटावरचा जुना डाग दाखवला. शिकाऊ असताना हातमोजे न घालता काम केले होते, संध्याकाळी कातडी भाजल्यासारखी झाली होती आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे झाले होते. "उसके सामने तो हम बांह खुली नहीं रखते, आपा. और बच्चे को रोज खुला भेज रहे हैं!" आम्हाला पुढे काही बोलावे लागले नाही. आम्ही आजवर दिलेल्या पाठांमध्ये हा सर्वांत छोटा पाठ असेल.

अकोल्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे ते दोघे जाऊन आले. सांगितले ते साधेच होते. पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पँट, कडा असलेली टोपी, उन्हात गडद चष्मा आणि उघड्या राहणाऱ्या जागी, म्हणजे चेहरा, कान, मान, हाताची मागची बाजू येथे सनस्क्रीन. वर्गात पहिला बाक, पण खिडकीपासून दूर. खिडकीची काच अतिनील किरणांपैकी एक प्रकार बराच अडवते, दुसरा मात्र आत येऊ देते, आणि आमच्या शाळेच्या खिडक्यांना काचा आहेतच कुठे! दर वर्षी एकदा कातडी तपासून घ्यायची, कारण या मुलांना पुढे कातडीचा कर्करोग होण्याची शक्यता इतरांपेक्षा पुष्कळ जास्त असते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही पाठवले.

आता टोपीची गोष्ट. आमच्या मुलांजवळ टोपी असतेच. पण नमाजाची टोपी डोक्याचा माथा झाकते, कान आणि मान उघडीच राहते. उन्हाळ्यात तर मुलांचे केस बारीक कापतात, काहींचे चकोट करतात, म्हणजे उरलीसुरली सावलीही जाते. मुली या बाबतीत नशीबवान. त्यांची ओढणी कान, मान, गळा सगळे झाकते. कापडाइतके चांगले संरक्षण दुसरे नाही. फक्त ते पातळ आणि विरळ विणीचे नसावे. कापड उजेडासमोर धरावे, आरपार दिसले तर किरणही आरपार जातात. गडद रंग फिक्या रंगापेक्षा जास्त अडवतो आणि पांढरे पातळ कापड घामाने भिजले की आणखीच निकामी होते.

त्या मुलासाठी वडिलांनी चारी बाजूंनी कडा असलेली टोपी आणली, कसोटी सामन्यात खेळाडू घालतात तशी. पहिल्याच दिवशी ती काढायला लावण्यात आली. गणवेशात बसत नाही म्हणून. आम्ही सदर मुदर्रिस साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "आज एकाला परवानगी दिली तर उद्या सगळे घालून येतील." आम्ही म्हणालो, "आले तर बिघडले काय, सर?" त्यांनी आमच्याकडे असे पाहिले की जणू आम्ही सुट्टी मागितली. शेवटी तोडगा निघाला, वर्गात नाही, मैदानावर चालेल. साहेबांची भीतीही खरी ठरली. महिन्याभरात सात-आठ मुलांनी तसल्या टोप्या आणल्या, कारण त्यांना त्या क्रिकेटच्या वाटल्या. 'अंग्रेज' हे नाव मात्र गेले नाही. पुढे ते कर्णधाराचे नाव असल्यासारखे घेतले जाऊ लागले, एवढाच फरक.

ऑस्ट्रेलियात १९८१ साली व्हिक्टोरिया राज्यातून एक मोहीम सुरू झाली, सदरा चढवा, मलम लावा, टोपी घाला अशी. तेथे कातडीच्या कर्करोगाचे प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्या देशांत गणले जाते, कारण उन्हाच्या देशात युरोपातून गेलेल्या गोऱ्या लोकांची वस्ती आहे. तेथील पुष्कळ शाळांत टोपी नसेल तर मुलाला मैदानावर खेळू देत नाहीत, सावलीत बसवतात. आपल्याकडे हा कर्करोग क्वचित होतो, म्हणून त्यांचे सगळे जसेच्या तसे उचलण्याची गरज नाही. त्या एका मुलासाठी मात्र अकोला हेच ऑस्ट्रेलिया होते.

त्याच वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सहावीच्या वर्गाला घेऊन मैदानावर सावली मोजली. मीटरची काठी सरळ उभी रोवली आणि दर तासाला सावलीच्या टोकाला खडूने खूण केली. साडेसातला सावली ३२० सेंटीमीटरच्या आसपास होती, साडेआठला १६४. साडेनऊला ती बरोबर काठीएवढी, १०० सेंटीमीटर झाली. बारा वाजता २८. मुलांना मजा वाटली. त्यांना एक साधा नियम सांगितला, आपली सावली आपल्याहून लांब असेल तर खेळा, आखूड असेल तर झाकून घ्या किंवा सावलीत या. घड्याळ लागत नाही, यंत्र लागत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास तर आमच्या भागात एक दिवस सावली पायाखाली पूर्ण नाहीशी होते. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. तेव्हा सुट्टी असते, पण काही मुलांनी घरी काठी रोवून तोही पाहिला.

खडूच्या खुणा पाहता पाहता एका मुलीने विचारले, "आपा, हमारी छुट्टी बारा बजे क्यों होती है?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आमची सकाळची शाळा साडेसात ते बारा भरत असे. ती मुलांना उन्हापासून वाचवण्यासाठीच सकाळची केलेली होती. पण ती वेळ ठरवताना दुपारच्या तापलेल्या हवेचा विचार झाला होता, किरणांचा नाही. मुले दिवसभर छताखाली बसायची आणि सावली सर्वांत आखूड असते नेमक्या त्या वेळी दप्तर डोक्यावर घेऊन घरी निघायची. काही मुले नदीपलीकडच्या मोहल्ल्यातून येतात. अर्धा तास चालतात. पुलावर एक झाड नाही.

सात ते सव्वाअकरा अशी वेळ करावी असे आम्ही शिक्षकांच्या बैठकीत मांडले. साहेब म्हणाले, पंचवीस वर्षे हीच वेळ आहे. एका सरांनी खरी अडचण सांगितली. फजरनंतर मुले मक्तबमध्ये जातात. सहा ते सात सबक चालतो. सातला शाळा भरवली तर मुलांना दोन्हींपैकी एक सोडावे लागेल आणि ती शाळाच सोडतील. यावर बैठक संपली. आम्हाला मात्र ही अडचण सुटण्यासारखी वाटत होती. मौलाना साहेबांची मुलगी आमच्याच वर्गात होती. एका संध्याकाळी शौहरांना बरोबर घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पुढ्यात सावलीची वही ठेवली. नमाजाच्या वेळा ज्याला सावलीवरून कळतात, त्याला सावली समजावून सांगावी लागत नाही. जोहर आणि असरचा हिशेब त्यांनी आयुष्यभर सावलीवरच केला होता. त्यांनी वही पाहिली, २८ या आकड्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, "इस वक्त तो बच्चे पुल पर होते हैं." एवढे बोलून त्यांनी उन्हाळ्याचे दोन महिने मक्तब असरनंतर घेण्याचे कबूल केले. २०२४ च्या उन्हाळ्यात वेळ बदलली. पुढे मार्च २०२५ च्या अखेरीस राज्याच्या शिक्षण विभागानेच उन्हाळ्यासाठी प्राथमिक शाळा सात ते सव्वाअकरा आणि माध्यमिक सात ते पावणेबारा भरवण्याचे कळवले, तेव्हा आमच्याकडे कोणाला काही नवे करावे लागले नाही.

सव्वाअकरालाही ऊन कोवळे नसतेच. आम्ही मोजले, सावली ४१ सेंटीमीटर भरते. पण बारापेक्षा बरे आणि ओढणी-टोपीने निभावते.

या निमित्ताने कातडीविषयी लोक आमच्याकडे येऊन बोलू लागले, आणि काय काय ऐकायला मिळाले! उन्हाळ्यात आमच्या निम्म्या वर्गाच्या गालांवर पांढुरके डाग दिसतात. आया घाबरतात. कोणी म्हणते कॅल्शियम कमी आहे, कोणी म्हणते पोटात जंत आहेत. हळूच विचारतात, "सफेद दाग तो नहीं है?" कोड असेल या भीतीने एका मुलीला दोन महिने शाळेत पाठवले नव्हते. बहुतेक वेळा हा कोड नसतो. कोरड्या कातडीचा एक सौम्य प्रकार असतो. आजूबाजूची कातडी उन्हाने गडद होते आणि कोरडा भाग तसाच राहतो, म्हणून डाग उठून दिसतो. साधे तेल किंवा व्हॅसलिन लावावे, साबण कमी करावा, उन्हात झाकावे, हळूहळू तो जातो. एकदा डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्यावी हे उत्तम. आणि खरोखर कोड असला तरी तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. त्या डागांत मेलॅनिन नसते, म्हणून तेथे ऊन लवकर भाजते, एवढीच जास्तीची काळजी.

दुसरी गोष्ट वाईट आहे. नववीतली एक मुलगी चेहरा ओढणीत लपवून बसू लागली. गाल लाल, बारीक पुळ्या, उन्हात गेली की आग. तिने मोठ्या बहिणीचे रात्री लावायचे गोरे होण्याचे मलम चार महिने लावले होते. त्यात स्टिरॉइड होते. स्टिरॉइडने काही दिवस चेहरा उजळल्यासारखा दिसतो, पण कातडी पातळ होत जाते आणि मग तीच कातडी ऊन सोसत नाही. २०१८ साली सरकारने १४ स्टिरॉइडयुक्त मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. चिठ्ठी कोणी विचारली नव्हती. 'फेअर अँड लव्हली' १९७५ पासून आपल्या घरात होती, २०२० साली तिने नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला. आपण नाव बदलले नाही. आपल्या बायका अजून मुलीला जन्मतःच विचारतात, किस पे गई है.

हजरत बिलाल यांची गोष्ट मुले फार लक्ष देऊन ऐकतात. मक्केच्या तापलेल्या वाळूवर त्यांना झोपवून छातीवर दगड ठेवला जाई, येथे आले की काही मुलांचे डोळे भरतात. त्याच मधल्या सुट्टीत तीच मुले एका सावळ्या वर्गमित्राला 'कालिया' म्हणून हाक मारतात. त्यांना यात काही विसंगत वाटत नाही. घरी वाटत नाही, तर मुलांना कसे वाटेल?

सनस्क्रीनबद्दल पालक विचारतात, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. एका मुलाचा चेहरा, मान आणि हात नीट झाकायला एका वेळेला सहा-सात ग्रॅम मलम लागते आणि उन्हात राहिले तर दर दोन तासांनी पुन्हा. पन्नास ग्रॅमची नळी आठवड्यात संपते. ज्या घरात चार मुले आहेत आणि वडील हमाली करतात, त्या घराला आम्ही हे घ्या असे सांगू शकत नाही, सांगू नयेच. डोळ्यांत तेल घालून त्या गोऱ्या मुलासाठी ते घ्यावे लागते आणि त्याचे वडील ते घेतात. बाकीच्यांना ओढणी, पूर्ण बाही, टोपी आणि सावली पुरते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला तर मलम लावूच नये, सावलीतच ठेवावे.

मुलींना घरात कोंडण्याचे काय, हा प्रश्न उरतोच. कातडीला ऊन जसे भाजते तसेच ते उपयोगीही पडते. त्याच किरणांनी शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते, आणि ते नसेल तर हाडे ठिसूळ होतात, लहान मुलांना मुडदूस होतो. आमच्या जुन्या मोहल्ल्यातल्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की घरात ऊन पोहोचतच नाही. तेथे मुलीला काळी पडेल म्हणून दार बंद करून ठेवायचे आणि मग गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरकडे न्यायचे, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. दिवसातून थोडा वेळ हातपाय उघडे टाकून ऊन घेतले पाहिजे. आमच्या मुलीला आम्ही गच्चीवर कपडे वाळत घालायला पाठवतो. बाह्या वर करून जा म्हणतो. तिची दादी खालून ओरडते. दोघींचे ऐकून ती एक बाही वर करते.

गेल्या ऑक्टोबरात तालुका स्पर्धेसाठी मुलींचा खो-खोचा संघ तयार करायचा होता. सराव सकाळी सात ते सव्वाआठ ठेवला, सावली लांब असते म्हणून. संघातली सर्वांत चपळ मुलगी आठवीतली. चौथ्या दिवशी तिची अम्मी आली. दाराशीच उभी राहिली, बसा म्हटले तरी बसली नाही. म्हणाली, मोठीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, लोक घरी येतात, धाकटीलाही पाहून ठेवतात. "आपा, सच बताइए, इसका रंग तो नहीं जाएगा ना?"

आम्हाला नाही म्हणता आले असते. आम्ही खरे ते सांगितले. सकाळच्या उन्हातही हात आणि चेहरा थोडा गडद होईल, थंडीत पुन्हा पूर्वीसारखा होईल, कातडीला इजा होणार नाही. पूर्ण बाह्या आणि ओढणी घालून खेळेल. ती बराच वेळ मैदानाकडे पाहत राहिली. तिची मुलगी खांबाला वळसा घालून परत फिरत होती आणि कोणाच्या हाती लागत नव्हती.

"कितने बजे तक चलता है?" तिने विचारले.

"सव्वाआठ."

"तो आठ बजे छोड दिया कीजिए."

आम्ही कबूल केले. ती मुलगी रोज आठला निघायची. शेवटचा डाव तिच्याशिवाय होत असे, आणि त्या डावात आमचा संघ बहुतेक वेळा हरत असे.